नागपुरात पाहिलेलं, ऐकलेलं, स्वतः केलेलं: अनुभव टाका

गोरेपेठकर:
सकाळी चहासोबत पेपर उघडायचा, आतल्या पानावर मोठा फोटो, खाली 'रसिक मंत्रमुग्ध', आणि तेव्हा आपल्याला कळतं की काल रात्री घरापासून दोन चौक सोडून फर्स्टक्लास मैफल होऊन गेली. नागपुरात कार्यक्रमांची कमी नाही, खबर लागत नाही एवढंच, असं माझं जुनं मत आहे. म्हणून हा धागा. गाणं, नाटक, नाच, चित्रं, मूर्ती, मिरवणूक, जे तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं किंवा केलं ते लिहा. कुठं, कधी, पास लागतो का, अर्ध्यातून उठून यावंसं वाटलं का, सगळं चालेल. 'मी असं ऐकलंय की' वालं नको.

सुरुवात मीच करतो. थंडी सुरू झाली की खासदार सांस्कृतिक महोत्सव असतो, २०१७ पासून, क्रीडा चौकात ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर. एरवी ज्यांचं तिकीट परवडणार नाही असे गायक इथं फुकटात, त्यामुळे गर्दी विचारू नका. खरं सांगू का, मागच्या खुर्चीवरून स्टेजवरचा माणूस अंगठ्याएवढा दिसतो, सगळे स्क्रीनकडेच पाहत असतात, आणि गाणं ऐकायचं म्हणून गेलात तर मधूनमधून पॉपकॉर्नवालाच जास्त ऐकू येतो. पण हजारो माणसं एकदम एकच ओळ म्हणायला लागतात ना, तेव्हा स्वेटर घरी विसरलोय हे लक्षातसुद्धा येत नाही. गाडी लांब लावा आणि पायी या, हनुमाननगरच्या गल्ल्यांत शिरू नका.

ऐकायचंच असेल तर सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह. ज्यांचं नाव दिलंय ते नागपुरातच शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले, आणि त्यांच्या नावाचा संगीत समारोह तिथं होतो. तिथला श्रोता जरा कडक आहे, तुम्ही सम (तालाची पहिली मात्रा) चुकीच्या जागी दिली तर शेजारचे आजोबा हळूच वळून पाहतात.

महालची_सून:
मी मुंबईची, लग्न होऊन नागपुरातल्या महाल भागात आले. पहिल्या पोळ्याला सासूबाई म्हणाल्या, "उद्या सकाळची कामं लवकर आटप गं, मारबत निघते." मला वाटलं देवीची पालखी वगैरे असेल. गॅलरीत येऊन पाहते तर समोरून दोन मजली पिवळी बाई चालत येऊन राहिली (हो, आता मीही असंच बोलते), बांबूचा सांगाडा, वरून कागद आणि कापड, एवढाले डोळे, आणि पुढं एक पोट्टा लांब काठीनं विजेच्या तारा उचलून धरतोय, नाहीतर बाईचं डोकंच अडकायचं. खाली एवढी गर्दी की रस्ता दिसत नव्हता.

मारबतीचे हे पुतळे दोन, काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. पिवळी जागनाथ बुधवारीतले तऱ्हाणे तेली समाजाचे लोक करतात, मिरवणुकीच्या आधीपासून बसवलेली असते आणि बाया लेकरांना घेऊन तिच्या पाया पडून येतात. काळी म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेली नागपूरच्या राजघराण्यातली बांकाबाई भोसले, असं आमच्याकडं सांगतात. त्या दोघी वाटेत भेटतात तेव्हा जो गलका होतो, "इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत", तो एकदा तरी रस्त्यावर उभं राहून ऐकावा, गॅलरीतून त्याची मजा नाही.

पण मला जास्त आवडतात बडगे. मारबतीसोबत निघणारे हे पुतळे गल्लीतली पोरंच करतात, जुनी पँट, गवत, गोणपाट, तोंडाला काळं, आणि छातीवर पाटी. आमच्या गल्लीत आदल्या रात्री बडग्याच्या पाटीवर काय लिहायचं यावरून जे भांडण चालतं ना ते ऐकायला मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवते. महागाई, खड्डे, पेपरफुटी, पुढारी, शेजारी देश, त्या वर्षी ज्याच्यावर चिडलेत तो त्या बडग्यात. एकदा दोन गट पडले, एक म्हणे वीजबिलाचा करू, दुसरा म्हणे मोकाट कुत्र्यांचा, शेवटी एकाच बडग्याला दोन पाट्या लावल्या, पुढून बिल आणि मागून कुत्रे. ब्रशनं लिहिलेली ती अक्षरं, त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाचा आनंदीआनंद, सकट सगळं संध्याकाळी जळून जातं. कुठल्या गॅलरीत लागेल हे?

विंगेतला_माणूस:
हौशी राज्य नाट्य स्पर्धेबद्दल लिहितो, नागपूर केंद्राची प्राथमिक फेरी. मी स्टेजवर कधी आलो नाही, प्रकाशयोजना आणि सेट लावणं एवढंच. बाहेरच्याला कल्पना नसते म्हणून सांगतो, लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात सकाळी हॉल ताब्यात मिळतो, संध्याकाळी सातला घंटा, आणि रात्रीच सगळं उचलून बाहेर, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपचं नाटक. म्हणजे लेव्हल (स्टेजवरचे चौथरे), दारं, खिडक्या, तुळशीवृंदावन, दिवाण हे सगळं छोटा हत्तीत घालून आणायचं, चार तासांत उभं करायचं, मग लाइट फोकस करायला जो वेळ उरतो त्यात रंगीत तालीम उरकायची. कलाकार कोण, तर एक बँकेत, एक वीज मंडळात, एक शाळेत शिक्षिका, एकाचं बर्डीवर मोबाइलचं दुकान. तालमी रात्री आठनंतर, कोणाच्यातरी गच्चीवर, आणि शेजाऱ्यांची तक्रार आली की जागा बदलायची.

परीक्षक मधल्या रांगेत बसतात, समोर छोटा दिवा. आमच्या एका नाटकात पूर्ण काळोखाचा प्रवेश होता, मी डिमर शून्यावर आणला, पूर्ण हॉल अंधार, आणि तो एक दिवा. प्रेक्षकांत कोणीतरी पुटपुटलं, "पोलीस आले वाटते." गंभीर प्रवेश, नायिका रडून राहिली आणि चौथ्या रांगेपर्यंत खसखस.

तिकीट नावापुरतं असतं. प्रेक्षक म्हणजे नातेवाईक, दुसऱ्या ग्रुपचे लोक (हे हाताची घडी घालून बसतात), आणि काही कायमचे म्हातारे, जे दरवर्षी सगळी नाटकं पाहतात. त्यांतले एक काका वही घेऊन येतात आणि नाटक संपल्यावर विंगेत येऊन सांगतात की दुसऱ्या अंकात खिडकीतून येणारा उजेड संध्याकाळचा नव्हता, दुपारचा होता. बरोबर असतात ते. परीक्षकांच्या निकालापेक्षा मला त्यांची भीती वाटते.

तक्रार एकच, स्पर्धेसाठी लिहिलेली नाटकं फार प्रतीकं घेऊन येतात. पिंजरा, दोरी, मुखवटा, पांढरे कपडे घातलेला समूह. दारव्हेकर मास्तरांच्या रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेचं गाव हे, नाटककार एलकुंचवार इथं राहतात, आपल्याला सरळ गोष्ट सांगायची लाज का वाटते कळत नाही. आणि झाशी राणी चौकातलं जुनं धनवटे रंगमंदिर ज्यांनी पाहिलंय ते अजून त्याच्या आठवणी काढतात. तिथं आता विदर्भ साहित्य संघाचं संकुल आहे, कार्यक्रम होतात, पण ज्यांचं पहिलं नाटक जुन्या स्टेजवर झालं त्यांना समजावून उपयोग नाही.

अजनीवाला:
भाऊ, तुमी सगळे हॉलमदलं सांगून राहिले. मी सांगतो खुल्या आभाळाखालचं. अशोक विजयादशमीले दीक्षाभूमीवर या, १४ ऑक्टोबर १९५६ ले बाबासायबांनी जिथं दीक्षा घेतली आन देली तिथं. लोक म्हणतात पुस्तकं विकतात तिथं लाखांनी, विकतातच, पण मी जातो गाण्यासाठी. रस्त्याच्या कडेनं स्टॉलच स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर वेगळं भीमगीत लावलेलं, दहा पावलं गेले की गाणं बदलते. मंग मधातच एखादा म्हातारा ढोलकी घेऊन बसते, माइक नाय काय नाय, आन त्याच्याभोवती गोल गर्दी होते. मी एकदा यवतमाळकडच्या एका शाहिराले ऐकत उभा होतो, ट्रेन पकडायची होती, सोडून देली. त्यानं लग्नाच्या गाण्याच्या चालीवर घटनेतले हक्क सांगितले, आन बाया संगं संगं म्हणून राहिल्या. त्याच्यासमोर चादर होती, लोक दहा-वीस रुपये टाकत होते, कोणी नुसता नमस्कार करून जात होतं, तोही तेवढ्याच मनानं घेत होता.

नाटक पाह्यचं असंल तर बहुजन रंगभूमीचं पाहा. सेट कमी, माणसं जास्त, आवाज असा की माइकची गरज नाय. वरच्या भाऊनं म्हटलं ना सरळ गोष्ट, ती हाये तिथं.

संत्रानगरी:
आमच्या घरी हिवाळ्यातला ठरलेला कार्यक्रम म्हणजे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा क्राफ्ट मेळा. केंद्र १९८६ चं, मुख्यालय आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये, आणि महाराष्ट्रासोबत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, कर्नाटक त्यात येतात, त्यामुळे एका मैदानात फिरता फिरता पाच-सहा राज्यं होतात. संध्याकाळी लोकनृत्यं. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा मुकुट घालून गुसाडी नाचणारे आदिलाबादकडचे लोक, कर्नाटकचे डोल्लू कुणितावाले (त्यांचा ढोल छातीत वाजतो, लहान बाळ असेल तर लांब बसा), छत्तीसगडचं पंथी.

मी मात्र बस्तरच्या ढोकरावाल्या दादाच्या स्टॉलवर अडकते. मातीचा गाभा, त्यावर मेणाचे दोऱ्यासारखे बारीक धागे गुंडाळत जायचे, डोळे, दागिने, केस सगळं त्या मेणाच्या दोऱ्याचं, मग वरून परत माती, भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या जागी पितळ. साचा फोडावा लागतो, म्हणून एकासारखा दुसरा निघत नाही. हे तो दर गिऱ्हाइकाला परत परत सांगतो आणि गिऱ्हाईक सगळं ऐकून म्हणतं, "दोनशेला देतोस का?" मी भाव करत नाही म्हणून नवरा चिडतो. चिडू दे.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असेल तर सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त, रस्ते बंद, दुपारीच जाऊन बसा.

आता_पुण्यात:
वाचून बरं वाटलं पण एक विरोधी सूर. फुकट पासची सवय नागपूरकरांना नडते. पंधरा मिनिटं उशिरा येणार, मध्येच फोन घेणार, शेवटच्या गाण्याला उठून पार्किंगकडे पळणार. आणि पुढच्या पाच रांगा राखीव, त्या अर्ध्या रिकाम्या, मागे माणसं उभी. एका कार्यक्रमात (नाव घेत नाही) सूत्रसंचालकानं मान्यवरांची नावं वाचण्यात जेवढा वेळ घेतला तेवढ्यात एक राग संपला असता. पुण्यात तिकीट काढावं लागतं म्हणून लोक निदान वेळेवर येतात.

महालची_सून:
@आता_पुण्यात, पुण्यात मारबत येते का?

रंगरेषा:
चित्रांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. शिकत होतो तेव्हा आमचा वर्ग म्हणजे महाराजबाग, रेल्वे स्टेशन आणि अजब बंगला. मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे अजब बंगला, १८६३ चा, अर्धं नागपूर तिथं शाळेच्या सहलीत एकदाच गेलेलं असतं. आम्ही मूर्तींसमोर स्केचबुक घेऊन बसायचो आणि सहलीतली पोरं आम्हालाच पाहायला गोळा व्हायची.

पहिलं प्रदर्शन आम्ही मित्रांनी मिळून लावलं, तेव्हा कळलं की चित्र काढणं सोपं आहे, भिंतीवर सरळ लावणं कठीण. दोऱ्याची लेव्हल, फ्रेमवाला शेवटच्या दिवशी फोन उचलत नाही, लाइट काचेवर चमकतो. दर्डा आर्ट गॅलरी आणि चिटणवीस सेंटर इथं बऱ्यापैकी प्रदर्शनं असतात, जाऊन पाहा, पैसे लागत नाहीत. चित्रकारासाठी सगळ्यात वाईट वेळ दुपारी दोन ते पाच. मे महिन्यात तर त्या वेळी जो आत येतो तो एसीसाठी येतो हे आम्हाला माहीत असतं, तरी उठून उभं राहतो. एका काकांनी असंच एक एक चित्र निवांत पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं, आणि मला विचारलं, "हे सगळं हातानंच का?" मी हो म्हटलं. "मग सही एवढी बारीक का केली?" पुढच्या चित्रापासून मोठी करतो.

पण नागपूरची खरी गॅलरी बघायची तर गणपतीआधी चितार ओळीत जा. पाऊस, चिखल, ताडपत्री, आणि आत ओळीनं उभे बिनडोळ्यांचे गणपती. डोळे सगळ्यात शेवटी. ते आखणारे मूर्तिकार हाताखाली काठी धरतात, श्वास रोखतात आणि एका फटक्यात वरची पापणी. मी कॉलेजात पाच वर्षं लाइन शिकलो, तशी लाइन मला अजून येत नाही. फोटो काढायच्या आधी विचारा, कामाच्या घाईत ते चिडतात आणि बरोबर चिडतात.

महालची_सून:
गणपतीवरून आठवलं, विसर्जन झालं म्हणजे संपलं असं नाही हो. पितृपक्षात भोसले वाड्यात हडपक्या गणपती बसतो, मस्कऱ्या गणपतीही म्हणतात, १७८७ पासूनची प्रथा सांगतात. त्यात लावणी, खडी गंमत (आपल्या इकडचं लोकनाट्य) असला हसण्याखिदळण्याचा कारभार. खडी गंमतीत बाईचं काम पुरुषच करतो आणि आमच्या सासूबाई तोंडाला पदर लावून सगळ्यात आधी हसतात.

उमरेडरोड:
खडी गंमतीचं नाव काढलंत तर झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातली नाटकं पाहायला, जायलाच पाहिजे. शहराबाहेरचं आहे पण नागपूरहून गाडी काढून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा गाठता येतं. दिवाळीनंतर धान निघालं की सुरू. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं, बाहेर बोर्ड, गावकरी येतात आणि तारीख ठरवून जातात. दिवसा गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक, दहाला सुरू झालेलं पहाटेपर्यंत. घोंगडी, स्वेटर, लेकरं, शेंगदाणे घेऊन लोक येतात. ऑर्गन आणि तबला समोरच बसलेले, गाण्याला वन्स मोअर आला की नायक मरता मरता उठून परत गातो आणि मग निवांत मरतो. शहरातले हसतात याला. हसा, पण एवढ्या थंडीत रात्रभर कोणासाठी बसाल तुम्ही? झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा नागपुरातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदा झाडीपट्टी शब्द ऐकला.

विंगेतला_माणूस:
मरता मरता उठून गाणं, हे आम्ही स्पर्धेत केलं तर परीक्षक आम्हालाच मारतील 😀

गोरेपेठकर:
भारी चाललंय. @रंगरेषा पुढचं प्रदर्शन आधी कळव, नंतर पेपरात नको. रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात कोणी गझलेचा कार्यक्रम ऐकलाय का? २०१७ ला झालं ते, दोन हजारांच्या आसपास खुर्च्या, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शेर मागपर्यंत पोचतो का ते जाणून घ्यायचंय.

अजनीवाला:
पोचते. पण दाद परत यायले टाइम लागते, तोवर गाणारा पुढच्या शेरावर गेला असते. बाल्कनीत बसू नका, मधात बसा. आन मेट्रोनं येणार असान तर शेवटची गाडी पाहून ठेवा, कार्यक्रम काही वेळेवर संपत नाही.