पर्पल मार्टिनसाठी भोपळे: भोक गोल की चंद्रकोरी?

ह्यूस्टनकर: परसात खांबावर आठ भोपळे टांगायचेत, पर्पल मार्टिन या भिंगरीच्या कुळातल्या अमेरिकी पक्ष्याला घरटी म्हणून. खरे घ्यावेत की प्लास्टिकचे? उंची किती?

पाखरू_टेक्सास: खरा भोपळा म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याच्याच जातकुळीतला. दिसतो झकास, पण रंग उडाला की कुजतो. प्लास्टिकचा पांढरा घ्या, आत उन्हाचा ताप कमी होतो. बाजूला फिरकीचं झाकण हवंच, नाहीतर साफसफाई बोंबलली. तळाला पाणी निथळायला 3/8 इंचाची पाचेक भोकं.

ये-जा करायला गोल भोक (2 1/8 इंच) ठेवलंत तर स्टार्लिंग (मैनेच्या कुळातले पक्षी) आत घुसून अंडी फोडतात. चंद्रकोरी घ्या: रुंदी 3 इंच, उंची 1 3/16, सपाट कड खाली. ही कड बाहेरच्या ओट्याला (भोकापुढे पक्षी टेकतो ती फळी) जवळजवळ टेकलेली हवी. अर्ध्या इंचाहून वर गेली तर स्टार्लिंग शिरतो.

अंगण_७७: खांब 12 ते 15 फूट, उंच झाडांपासून निदान 40 फूट लांब, पण घराजवळच. कप्पी लावा, दर आठवड्याला भोपळे खाली उतरवता आले पाहिजेत. साप आणि रकूनसाठी खांबाला पत्र्याचा अडसर पहिल्याच दिवशी बसवा.

ह्यूस्टनकर: आणि चिमण्या?

पाखरू_टेक्सास: त्या चंद्रकोरीतूनही जातात. गवत-पिसांचा भरगच्च गोळा, ठिपक्यांची अंडी दिसली की चिमणीचं. काढून टाका, अमेरिकेत ती परकी. हिरवी पानं आणि पांढरीशुभ्र अंडी असतील तर मार्टिनचं, कायद्याने संरक्षित. फक्त बघा, झाकण लावा.