कौरी राळेच्या राखीव जमिनी : १८९८ च्या कायद्याने नेमकं काय साधलं?

माळरान (प्रश्न)
न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला, ऑकलंडच्या वर नॉर्थलंडमध्ये, जमिनीत गाडली गेलेली कौरी या झाडाची राळ खणून काढायचा मोठा धंदा होता. १८५० ते १९०० या काळात ऑकलंडच्या निर्यातीत तिचा नंबर पहिला. १८९८ मध्ये तिथल्या सरकारने या धंद्यासाठी खास कायदा केला, राखीव जमिनी ठरवल्या, खणणाऱ्यांना परवाने लावले. प्रश्न असा की हा साठा जपण्याचा कायदा होता का? असेल तर उघडे सोडलेले खड्डे आणि पेटवून दिलेलं रान त्यात कुठे बसतं? याकडे वनखात्याच्या नजरेने बघायचं की खाणखात्याच्या?

गाळपेर
दोन्ही नाही. तो मजुरीचा कायदा होता, जमिनीचं नाव पुढे करून केलेला.

१८९० च्या दशकात या कामात सुमारे २०,००० माणसं होती. त्यातली पूर्णवेळ ७,००० च्या आसपास, बाकीची शेतीचा हंगाम नसेल तेव्हा येणारी. माओरी (तिथले मूळ रहिवासी) होते, इंग्रज वसाहतवाले होते आणि १८८० च्या दशकापासून डाल्मेशियाहून आलेले होते. डाल्मेशिया (आजच्या क्रोएशियाचा किनारा) तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत, म्हणून तिथे सगळे त्यांना सरसकट ‘ऑस्ट्रियन’ म्हणत. हे लोक टोळीने काम करायचे, एका कडेने सलग जमीन उलथत जायचे आणि कमाई घरी पाठवायचे. तक्रार त्याचीच होती: पैसा बाहेर जातो, आणि भूमिपुत्रांचं (म्हणजे इथे इंग्रजांचं!) पोट मारलं जातं. १८९३ मध्ये चौकशी आयोग बसला, १८९८ मध्ये पुन्हा बसला आणि मग कायदा आला. राखीव जमिनी ब्रिटिश प्रजाजनांसाठी, बाकीच्यांना परवान्याची अट. १९१० पर्यंत ती इतकी आवळली की परवानाच फक्त ब्रिटिश प्रजाजनाला मिळेल.

किती खणायचं यावर मर्यादा नाही. साठा जपायचा असता तर पहिली गोष्ट ती आली असती. निर्यातीचा उच्चांक कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी झाला: १८९९ मध्ये ११,११६ टन.

दर्यावर्दी
गाळपेर यांचं मूळ म्हणणं बरोबर, पण मर्यादा घातली असती तरी ती पाळून घेणं जवळपास अशक्य होतं. काम कसं चालायचं ते बघा.

हत्यारं मोजकी. एक टोकदार पोलादी सळई (तिला ते भाला म्हणायचे), एक मजबूत फावडं, पाठीवर पोतं. सळई जमिनीत खुपसायची आणि हाताला काय लागतं ते ओळखायचं. दगड कडक ठण्ण लागतो, जुनं लाकूड सळईला धरून ठेवतं, राळेचा स्पर्श या दोन्हींहून वेगळा. टोकाशी तारेचं वेटोळं बसवलं की भोक रुंद पडतं, मग सळई सुळकन वरखाली होते आणि चिखलात अडकत नाही. दलदलीत टोकाला आकडा असलेली लांब सळई लागायची, तिने खालचा तुकडा ओढून काढायचा. सुरुवातीचा माल वरच्या काही फुटांतच मिळाला. तो संपल्यावर चर काढून दलदलीचं पाणी सोडलं, सगळा पट्टा खोल खणला, शेवटी तर माती यंत्रात धुऊन बारीक चुरासुद्धा गाळून घेतला.

आता यात निरीक्षक कुठे उभा करणार? लाखो एकर झुडपी रान आणि तंबूत राहणारी माणसं, आज इथे तर पुढच्या महिन्यात दहा मैलांवर. परवाना तपासता येतो, कारण तो खिशात असतो. खड्डा कोणाचा ते कोण सांगणार?

आगीचं म्हणाल तर, झुडपं जाळली की चालायला आणि सळई खुपसायला जागा मोकळी होते, म्हणून पेटवायचे. पण दलदलीतली पीट माती (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची) एकदा धुमसायला लागली की आठवडेच्या आठवडे विझत नाही. आणि राळ ज्वालाग्राही, म्हणजे जो माल काढायचा तोच जळतो.

माळरान
मग जिवंत झाडाची राळ? तिथे तरी वनखातं आलंच असेल.

गाळपेर
तिथे मात्र आलं. खोडावर खाचा पाडून वाहणारी राळ काही महिन्यांनी खरवडून घ्यायचे. त्याने झाड खंगतं, म्हणून १९०५ मध्ये सरकारी जंगलांत याला बंदी झाली. फरक ध्यानात घ्या: लाकडाच्या झाडाला संरक्षण मिळालं, कारण लाकूड विकायचं होतं. जमिनीतली राळ म्हणजे शेती येईपर्यंतचं मधलं पीक, असाच सरकारचा हिशोब होता. राळ निघाली की जमीन वसाहतीला द्यायची.

हिशोब मातीने बिघडवला. कौरीचा पालापाचोळा आम्लधर्मी. त्यातून झिरपणारं पाणी शतकानुशतकं वरच्या थरातलं अन्नद्रव्य धुऊन नेतं, आणि खाली कडक थर बसतो. पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात तीच जमीन कोरडीठाक. त्यावर गवत आणायला चुना, सुपरफॉस्फेट आणि निचरा तिन्ही लागतात, वर खड्डे बुजवायचा खर्च वेगळा. उरलेल्या खड्ड्यांत पाणी साचून गुरं अडकतात ते निराळंच.

१९१४ चंही सांगायला हवं. युद्धाने युरोपचा बाजार तुटला, माल पडून राहिला, तेव्हा सरकारला खणणाऱ्यांना मालावर उचल द्यावी लागली. म्हणजे १६ वर्षांत सरकार परवाना देणाऱ्यापासून सावकारापर्यंत पोचलं. त्याच युद्धात ते ‘ऑस्ट्रियन’ शत्रूराष्ट्राचे ठरले, हा त्यातला वाईट विनोद.

रोगणवाला
थोडं शब्दांबद्दल. काही जण याला कौरी डिंक म्हणतात. डिंक पाण्यात विरघळतो, हा विरघळत नाही. ही राळच, आणि जातीने आपल्या चंद्रुसाच्या घराण्यातली. जुने सुतार-रंगारी ज्या चंद्रुसाचं रोगण करायचे त्याच कामाची, म्हणून तर जगभर उठाव होता. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये होणाऱ्या तेल-व्हार्निशांपैकी ७० टक्क्यांत कौरी असायची.

कारण साधं. बहुतेक कोपल राळा (रोगणात वापरायच्या कठीण राळा) जवसाच्या तेलात मिसळायच्या तर खूप तापवाव्या लागतात, आणि जास्त तापली की राळ काळी पडते. कौरी कमी उष्णतेत तेलाशी एकजीव होते. चुरा आणि भुगा पुढे लिनोलियममध्ये (जमिनीवर अंथरायच्या आच्छादनात) गेला, म्हणून तर मातीही धुण्याइतकी किंमत आली. १९३० च्या दशकात कृत्रिम राळांनी व्हार्निशमधली जागा घेतली आणि धंदा बसला.

एका ठिकाणी ती अजून टिकून आहे. हायड्रोकार्बन द्रावकाची विरघळवण्याची ताकद मोजायला ‘कौरी-ब्युटेनॉल मूल्य’ वापरतात. ४०० ग्रॅम राळ २ किलो एन-ब्युटेनॉलमध्ये (एक प्रकारचं अल्कोहोल) विरघळवायची. त्यातलं २० ग्रॅम द्रावण फ्लास्कमध्ये घ्यायचं, खाली छापील कागद ठेवायचा, २५ अंश सेल्सियसला वरून द्रावक सोडत जायचं. द्रावण गढूळ होऊन अक्षरं धूसर झाली की थांबायचं, तेवढे मिलिलिटर म्हणजे ते मूल्य. टोल्युइन या द्रावकाला १०५ च्या आसपास. तापमान घसरलं की आधीच गढूळ होतं आणि आकडा खोटा कमी येतो, नवशिके इथेच फसतात.

दर्यावर्दी
कोणी तिकडे जाणार असेल तर मताकोहेचं कौरी संग्रहालय बघावं. जुन्या गमफील्डचे (राळ खणायच्या जमिनींचे) खड्डे बघायला अवानुईजवळ वैहरारा परिसर. स्वतः सळई मारायची हौस मात्र नको. सरकारी संरक्षित जमिनीत परवानगीशिवाय खणता येत नाही. शिवाय जिवंत कौरीच्या मुळांना ‘फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा’ हा मातीतून पसरणारा रोग लागला आहे, चिमूटभर माती बुटाला चिकटून गेली तरी पुरते. पायवाटेच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशकाची सोय असते. आधी ब्रशने माती पूर्ण काढा, मग जंतुनाशक. उलट केलं तर औषध मातीच्या थराखाली पोचतच नाही. आत जाताना आणि बाहेर येतानाही.