चतुर्ध्रुव म्हणायचं आणि ठिकाणं तीनच? (आणि ‘आंतरक्रिया’ की ‘परस्परक्रिया’)

कोल्हापुरात राजारामपुरीत बीएस्सीच्या पोरांचे फिजिक्सचे क्लास घेतो, निम्मी पोरं मराठी मीडियमची, त्यामुळं मल्टिपोल (द्विध्रुव, चतुर्ध्रुव असले धन-ऋण प्रभारांचे गट) आला की शब्दांची नुसती बोंब. काल एका पोरीनं विचारलं, सर, कार्बन डायऑक्साइडमधे अणू तीन, मग त्याला चतुर्ध्रुव कसं काय म्हणायचं, चौथा कुठाय? काहीतरी सांगून वेळ मारून नेली पण माझंच समाधान झालं नाही. आणि इंटरॅक्शन एनर्जीला मराठीत काय लिहू?

—

भावा, ध्रुव अणू मोजून ठरत नाहीत. दोन द्विध्रुव, म्हणजे एक धन आणि एक ऋण प्रभाराच्या जोड्या, पाठीला पाठ लावून ठेव, ऋण-धन आणि धन-ऋण. मधले दोन्ही धन एकाच कार्बनवर येऊन बसले, म्हणून दिसायला आपली कोल्हापूरची मिरजकर तिकटी (तीन रस्ते मिळतात तो चौक), हिशेबात मात्र चार. दोघं एकमेकांना खोडतात म्हणून द्विध्रुव शून्य, उरतो तो चतुर्ध्रुव. पाण्याचा रेणू वाकडा, तिथं खोडाखोड पुरी होत नाही, म्हणून त्याचा द्विध्रुव १.८५ डिबाय (द्विध्रुव मोजायचं एकक).

—

मग सहा ध्रुवांचं काय ओ? इंदूरच्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन फिरवायच्या यंत्रामधे सेक्स्टुपोल चुंबक आहेत की. षड्ध्रुव म्हणायचं का?

—

म्हणा की, पण ती मोजणी वेगळी. चुंबकात समोर दिसणारी टोकं खरंच मोजतात, दोन, चार, सहा, आठ. रेणूंच्या हिशेबात दर पायरीला दुप्पट, दोन, चार, आठ, सोळा. मिथेनला द्विध्रुव नाही, चतुर्ध्रुवही नाही, थेट अष्टध्रुव. शब्द एकच, मोजायची रीत दोन, इथंच पोरं घसरतात.

—

आता माझं दुखणं सांगतो. ‘आंतरक्रिया’ लिहू नका, हात जोडतो. पोरं त्याचं ‘आतली क्रिया’ करतात आणि एका रेणूच्या आतल्या प्रभारांची आपापसातली ऊर्जापण त्यात धरतात. ती धरायचीच नाही! दोन रेणू लांब असताना प्रत्येकाची जी काय ऊर्जा असेल ती बाजूला ठेवायची, जवळ आणल्यावर जो फरक पडला तेवढीच ही इंटरॅक्शन एनर्जी. परस्परक्रिया म्हटलं की दोघांतलं देणंघेणं आपोआप समजतं. मोमेंटला (द्विध्रुव किती मोठा ते सांगणाऱ्या राशीला) परिबल म्हणा, आघूर्ण हिंदी पुस्तकातनं आलंय, पण त्यावर मी भांडणार नाही.

—

परस्परक्रियाच लिहितो मग. अंतराचं पण एकदा सांगा ना, घन, चौथा घात, पाचवा घात यात पोरं गोंधळतात.

—

सोपं आहे. प्रभाराला शून्य, द्विध्रुवाला एक, चतुर्ध्रुवाला दोन. दोघांचे आकडे मिळवा, वर एक घाला, अंतराच्या तेवढ्या घातानं ऊर्जा कमी होते. द्विध्रुव-द्विध्रुव म्हणजे घन, अंतर दुप्पट केलं की आठवा हिस्सा. दोन चतुर्ध्रुव म्हणजे पाचवा घात, बत्तिसावा हिस्सा. प्रभार आणि चतुर्ध्रुव घेतले तर परत घनच येतो, हे फळ्यावर मुद्दाम करून घ्या. फक्त हे दिशा पक्की धरून हां, वायूत द्विध्रुव गरगर फिरत असतात तिथं सरासरी काढली की सहावा घात येतो.

आणि चिन्ह विसरू नका. तोंडाला शेपूट लावून एका ओळीत ठेवलेल्या द्विध्रुवांची ऊर्जा उणे, शेजारी उलटसुलट ठेवले तरी उणेच, पण निम्मी. पेपरात तिकटी लिहू देऊ नका तेवढं.