मुलाच्या चित्रावर शिक्षकानं पेन्सिल टेकवावी का?

रंगपेटी:
परवा पाचवीच्या तासाला एका मुलानं कागद माझ्यापुढे सरकवला. "सर, एवढा हात तुम्हीच काढून द्या ना." चित्रातला माणूस बरा उभा होता, फक्त मनगटापाशी येऊन गाडी अडली होती. मी पेन्सिल घेतली नाही. म्हटलं, स्वतःचा हात समोर धर आणि अंगठा नेमका कुठून फुटतो ते बघ. तो रुसला. नंतर शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी बाई म्हणाल्या, "दोन रेघा मारून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

माझं म्हणणं असं की बिघडतं. मोह मलाही होतोच. तास ४० मिनिटांचा. कागद वाटणं, पाणी आणणं, "सर, माझा ब्रश" यात ८ मिनिटं जातात. ब्रश धुणं, बाकं पुसणं, ओले कागद एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरणं यात १०. उरली २२ मिनिटं आणि वर्गात मुलं ४४. म्हणजे एकेकाला अर्धं मिनिट. तेवढ्यात समजावून सांगणं होत नाही, रेघ मात्र मारून होते.

पण आपण ज्याला चूक म्हणतो ती बऱ्याचदा चूक नसतेच. लहान मूल डोंगरउतारावर झाडं काढतं ती उताराशी काटकोनात, तिरपी. उतरत्या छपरावरचं धुराडंही तसंच कलंडलेलं. मूल जवळची रेघ बघून त्यावरून उभं-आडवं ठरवत असतं, कागदाच्या कडेशी त्याला देणंघेणं नसतं. तिथं मी धुराडं सरळ करून दिलं तर ते फक्त माझं ऐकतं, त्याला दिसत काहीच नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग सुरू केले, ते मुलांना त्यांच्या पद्धतीनं काढू देण्यासाठीच. सव्वाशे वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून "आण इकडे" म्हणतो.

काटकोन:
असहमत. तुमची उदाहरणं सहा-सात वर्षांच्या मुलांची आहेत, आणि रुसलेला मुलगा पाचवीतला! त्या वयाला मुलाला "खरं दिसायला" हवं असतं. मुलांच्या चित्रांचे वयोगट मांडणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनीही साधारण नऊ ते बारा हा वास्तवाची जाण येण्याचा टप्पा धरलाय. याच वयात पुष्कळ मुलं "मला चित्र येत नाही" म्हणून वही मिटतात ती कायमची. अशा मुलाला "तूच बघ" म्हणणं याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही, त्याला तिथंच सोडून देणं म्हणतो.

पेटी शिकवणारे चुकलेलं बोट उचलून बरोबर पट्टीवर ठेवतात. अक्षर गिरवून घेताना आपण मुलाचा हात धरतो. तिथं कुणी मुलाच्या अभिव्यक्तीवर घाला पडला म्हणत नाही. कार्यशाळांमध्ये चित्रकला अशीच शिकवली गेली. इटलीतल्या वेरोक्कियो या चित्रकाराच्या 'ख्रिस्ताचा बाप्तिस्मा' या चित्रातला डावीकडचा एक देवदूत त्याच्या शिष्यानं, तरुण लिओनार्दो दा विंचीनं रंगवला. एका चित्रावर दोघांचे हात चालले, कुणाचं काही अडलं नाही.

रंगपेटी:
उदाहरण छान दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे! तिथं शिष्याचा हात गुरूच्या चित्रावर फिरलाय. आणि चित्र कार्यशाळेचं होतं, बाहेर देण्यासाठी. शाळेतल्या मुलाचा कागद त्याचा स्वतःचा.
बोटाचं म्हणाल, तर बोट उचलून ठेवल्यावरही सूर मुलालाच वाजवावा लागतो. माझी रेघ कागदावर तशीच राहते.

ओला कागद:
मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझ्या मुलीनं एकदा नदीचं चित्र घरी आणलं. नदी, झाडं, माणसं तिची, आणि मधोमध एक होडी, अगदी छापल्यासारखी. आल्यागेल्याला ती फक्त होडी दाखवायची. मी म्हटलं, झाडं पण मस्त आलीत की. तर म्हणाली, "ती माझी आहेत." त्या "माझी"चा सूर मला अजून टोचतो. सर वाईट नव्हते हो, उलट प्रेमानंच काढून दिली असणार.

उरलेला खडू:
सगळं वाचलं. मीही याच धंद्यातला, त्यामुळे जरा स्पष्ट बोलतो. तुम्ही पेन्सिलीवर भांडताय, इथं माझ्या दिवसातले चित्रकलेचे तास तीन आणि ऑफ तास, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर बसणं, दोन. मधल्या सुट्टीत फलकलेखन. स्नेहसंमेलन जवळ आलं की रंगमंचाचा पडदा, थर्माकोलची अक्षरं, आणि ढीगभर प्रमाणपत्रांवर सुवाच्य अक्षरात नावं. "सर, तुमचं अक्षर छान आहे ना!" छान अक्षर असणं हा या नोकरीतला शाप आहे.

आता कबुली. प्रदर्शन लागतं तेव्हा "जरा चांगली चित्रं लावा" असा निरोप येतो. मग मी शाळा सुटल्यावर बसतो आणि हात फिरवतो. इथं आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तिथं एखादी बाह्यरेषा. पालक खूश, शाळा खूश. मुलाला कळतं, पण ते बोलत नाही. भिंतीवर लागणारं चित्र मुलाचं नसतं, शाळेचं असतं. तेव्हा रंगपेटी यांचा नियम मला पटतो, फक्त तो पाळायची सोय नाही. (रोज संध्याकाळी ४० ब्रश धुतो ते वेगळंच. मुलं ते डब्यात केसांवर उभे करून जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळे ब्रश केरसुणी झालेले.)

काटकोन:
ब्रशबद्दल +१. पण प्रदर्शनासाठी गुपचूप केलेली डागडुजी आणि मुलासमोर करून दाखवणं यात फरक आहे. पहिल्याला माझाही विरोधच आहे.
कागदाला शिवायचं नाही तर ठीक, शेजारी रद्दी कागद घ्या. हात जमत नाही? आधी मिटलेल्या मुठीचा ठोकळा काढा, मग बोटं. खुर्ची जमत नाही? खुर्ची काढूच नका, पायांमधल्या पोकळीचे आकार काढा, खुर्ची आपोआप उरते. तेही नाही तर नमुना उलटा ठेवून बघून काढायला लावा, मूल "नाक" काढायचं विसरतं आणि रेघ बघू लागतं. पण हे कुणीतरी करून दाखवावं लागतं. नुसतं "नीट बघ" याला शिकवणं कसं म्हणायचं?

रंगपेटी:
रद्दी कागद मान्य. अडचण एवढीच की मी कोपऱ्यात मूठ काढली की पाच मिनिटांत आठ चित्रांत तीच मूठ.

काटकोन:
उतरवू दे की! आठ जणांना मूठ आली.

ओला कागद:
रंगपेटी, एक शंका. मूल पिवळ्यात गडद निळा घालून मळकट हिरवा करतं तेव्हा तुम्ही काय करता?

रंगपेटी:
त्या गडद निळ्यात, अल्ट्रामरीनमध्ये, तांबूस छटा असते, म्हणून हिरवा मळतो. मी त्याचा ब्रश घेतो, लिंबू पिवळा आणि हिरवट छटेचा निळा पॅलेटवर कालवून दाखवतो.

ओला कागद:
म्हणजे ब्रश घेता. पेन्सिल तेवढी सोवळ्यात?

रंगपेटी:
पॅलेट म्हणजे कागद नव्हे, असं लिहिणार होतो. पण परवाच घाईत एकीच्या कागदावरच कालवून दाखवलंय, तेव्हा गप्प बसतो.
तो पाचवीतला मुलगा आज चित्र पुरं करून घेऊन आला. रंग सुरेख भरलेत, सावली सुद्धा दिलीय. माणसाचे दोन्ही हात खिशात आहेत.

काटकोन:
आता श्रेणी कुणाला देणार, त्याला की स्वतःला?