‘होम अलोन’चा अल्बम: मुलांच्या गटासाठी यातलं काय निवडू?

ओकपार्ककर

नमस्कार मंडळी,

शिकागोजवळ ओक पार्कला राहते. इथल्या मराठी मुलांचा एक छोटा गायनगट घेते, वयं साधारण सात ते अकरा. डिसेंबरात वाचनालयात अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. यंदा काय बसवायचं हे मला विचारायच्या आतच मुलांनी ठरवून टाकलंय: ‘होम अलोन’मधली गाणी (नाताळात चुकून घरी एकटा राहिलेला केविन चोरांना तोंड देतो, तो सिनेमा). कारण काय, तर सिनेमातलं चर्चच्या आतलं चित्रीकरण आमच्या गावातल्याच ग्रेस एपिस्कोपल चर्चमध्ये झालंय. त्यामुळे त्या गाण्यांवर आपला हक्क आहे असं त्यांचं पक्कं मत.

मी शिकले हिंदुस्थानी गाणं. हार्मोनियम हाताशी असतो, पण पाश्चात्त्य नोटेशन अडखळत वाचते. १९९० चा मूळ अल्बम घेतला आणि गोंधळ वाढला. एकोणीस तुकडे, त्यातले बरेचसे नुसत्या वाद्यवृंदाचे. जी मुख्य धून सिनेमाभर येते तिचं शब्दांसकटचं गाणं जेमतेम मिनिटभराचं. पुठ्ठ्याचा मायकेल जॉर्डन खेळण्यातल्या रेल्वेवर बसवून खोटी पार्टी दाखवतात, तेव्हाचं गाणं तर यात नाहीच! मुलांना तेच हवं होतं.

जुनं पारंपरिक काय आणि सिनेमासाठी नवं बांधलेलं काय, हेही धड कळत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

आणि एक. ‘कॅरल ऑफ द बेल्स’ लावलं तर आमच्यातला एक मुलगा म्हणाला, “हे तर फावडेवाल्या आजोबांचं म्युझिक!” (तो शेजारचा म्हातारा मार्ली, ज्याला पोरं खुनी समजतात, तो.) मी म्हटलं, नाही रे, हे वेगळं. पण तेव्हापासून मलाही तसंच ऐकू यायला लागलंय. खरंच काही आहे का, की त्याच्या बोलण्याचा परिणाम?

---

मंद्रसप्तक

ताई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. बाकीचं नंतर, आधी तेच सांगतो.

पेटी काढा. पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी) सा धरा. आता वाजवा: कोमल ग, रे, कोमल ग, सा. एक मात्रा, दोन अर्ध्या, मग एक मात्रा. तीन मात्रांचं चक्र, थांबायचं नाही, फिरवत राहायचं. झालं तुमचं ‘कॅरल ऑफ द बेल्स’.

आता तेच चार स्वर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, न्या, चारही सारख्या वजनाचे करा आणि सावकाश, पाय ओढत वाजवा. कोमल ग… रे… कोमल ग… सा… हा ‘डिएस इरे’. मध्ययुगातलं लॅटिन पठण, मृताच्या प्रार्थनेत गायलं जायचं. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८३० मध्ये ते आपल्या सिंफनीत घेतलं आणि तेव्हापासून मरण किंवा भुतंखेतं सुचवायची असली की संगीतकार त्याच्याकडे जातात. ‘होम अलोन’चे संगीतकार जॉन विल्यम्स यांनी मार्लीबरोबर वापरलंय ते हेच. म्हणजे भीतीचे आणि घंटांचे स्वर एकच, फरक फक्त लयीचा आणि सप्तकाचा.

आता सिनेमा आठवा. केविन चर्चमध्ये बसलाय, ज्याला घाबरायचा तोच म्हातारा शेजारी येऊन बसतो, दोघं बोलतात, भीती जाते. आणि मग केविन घर वाचवायला पळत सुटतो तेव्हा तेच चार स्वर मुलांच्या आवाजात, तीन मात्रांत, उड्या मारत येतात. विल्यम्स यांनी हे मुद्दाम केलं का, ते तेच जाणोत. पण ‘जॉज’मध्ये दोन स्वरांवर अख्खा सिनेमा तोलणाऱ्या माणसाच्या लक्षात हे आलंच नसेल, हे मला पटत नाही.

म्हणून माझा सल्ला, याच गाण्यापासून सुरुवात करा. आधी मुलांना ते चार स्वर म्हाताऱ्याच्या चालीने गायला लावा, मग घंटांच्या. सात वर्षांच्या पोरालाही लय म्हणजे काय ते एका बैठकीत कळेल.

आता जुनं-नवं. ‘कॅरल ऑफ द बेल्स’ची चाल मिकोला लिओंतोविच या युक्रेनियन संगीतकाराची, कीव्हमध्ये १९१६ साली पहिल्यांदा गायली गेली. मूळ गाणं ‘श्चेद्रिक’, नाताळचं नव्हेच, नव्या वर्षाचं: एक पाकोळी उडत येते आणि घरधन्याला सांगते, बाहेर ये, तुझ्या मेंढ्यांना कोकरं झालीत बघ. अमेरिकेत ते युक्रेनियन गायकवृंदाने १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलला आणलं. घंटांचे इंग्रजी शब्द पीटर विल्हाउस्कीचे, १९३६ चे. मला विचाराल तर पाकोळी घंटांपेक्षा कितीतरी छान आहे.

‘ओ होली नाइट’ फ्रेंच, अ‍ॅडॉल्फ अ‍ॅडमची चाल, १८४७. सुंदर आहे, पण शेवटची चढण मोठमोठ्यांना घाम फोडते. सात वर्षांच्या गळ्यावर तो भार घालू नका.

‘स्टार ऑफ बेथलेहेम’ आणि ‘समव्हेअर इन माय मेमरी’ ही दोन विल्यम्स आणि गीतकार लेस्ली ब्रिकस यांची, सिनेमासाठीच लिहिलेली. पहिलं इतकं जुन्या वळणाचं आहे की लोक ते पारंपरिक समजतात. अल्बमवर ते दोनदा आहे, एकदा वाद्यवृंदावर, एकदा शब्दांसकट. दुसरं म्हणजे तुमची ती मुख्य धून. मिनिटभराचा तुकडा बघून फसू नका, अल्बमचा पहिला आणि शेवटाकडचा आई परत येते तो तुकडा ऐका, धून खरी तिथे फुलते. सेलेस्टा नावाचं पेटीसारखं दिसणारं, पण आतून धातूच्या पट्ट्या वाजवणारं वाद्य आहे, त्याच्यावर ती सुरू होते. पुढे अकरा वर्षांनी याच दिग्दर्शकाच्या, ख्रिस कोलंबसच्या, ‘हॅरी पॉटर’ला विल्यम्स यांनी पुन्हा सेलेस्टाच दिली.

---

सीडीवाला_अण्णा

मंद्रसप्तकांशी सहमत, फक्त अल्बमबद्दल थोडं.

पार्टीचं गाणं म्हणजे ब्रेंडा लीचं ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’, १९५८ चं. विमानतळावर सगळं कुटुंब धावतं तेव्हाचं चक बेरीचं ‘रन रुडॉल्फ रन’, तेही १९५८ चं. दोन्ही सिनेमात आहेत, या अल्बमवर नाहीत. आरशासमोर केविन ज्यावर ओठ हलवतो ते ड्रिफ्टर्सचं ‘व्हाइट ख्रिसमस’ मात्र आहे, सोबत साउथसाइड जॉनी आणि मेल टॉर्मे. ही तीन गाणी पार्श्वसंगीताच्या मधेमधे पेरलीत आणि माझ्या मते तिथेच अल्बम लंगडतो. ‘फॉलो दॅट किड’चा पाठलाग रंगात येणार, तोच आधीच्या विरहगीताची चव अजून जिभेवर. तुकड्यांचा क्रमही सगळीकडे सिनेमाप्रमाणे नाही. ला-ला लँड रेकॉर्ड्सने नंतर मर्यादित प्रतींत मोठी आवृत्ती काढली, तिच्यात पार्श्वसंगीत बरंच जास्त आहे. पण मुलांचा कार्यक्रमच करायचा असेल तर त्यावर पैसे घालू नका, १९९० चा पुरेसा आहे.

वाद्यवृंदातलं एखादं पोरांना नुसतं ऐकवायचं असेल तर ‘हॉलिडे फ्लाइट’. मिनिटभराचं आहे. सगळं घर उशिरा उठतं तेव्हाची तारांबळ. ते ऐकवून लगेच त्चायकोव्स्कीच्या ‘नटक्रॅकर’मधला ‘त्रेपाक’ नाच लावा आणि गंमत बघा. विल्यम्स यांनी टोपी कोणापुढे काढली ते पोरंच सांगतील.

आणि यादी करताना दुसऱ्या भागाशी घोळ नको. ‘ख्रिसमस स्टार’ आणि ‘मेरी ख्रिसमस, मेरी ख्रिसमस’ ही १९९२ च्या भागातली. ‘स्टार ऑफ बेथलेहेम’ मागवायला जाऊन लोक ‘ख्रिसमस स्टार’च्या प्रती घेऊन येतात.

एक किस्सा. या सिनेमाला आधी ब्रूस ब्राउटन संगीत देणार होते, सुरुवातीच्या जाहिरातींत त्यांचं नावही होतं. ते डिस्नेच्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’मध्ये अडकले आणि काम विल्यम्स यांच्याकडे गेलं. ऑस्करला संगीत आणि गाणं अशी दोन नामांकनं मिळाली. संगीताचं जॉन बॅरी यांनी नेलं, गाण्याचं स्टीफन सोंडहाइम यांनी. तक्रार नाही, दोघंही तगडे.

---

लेकुरवाळी

गाणी ठरली की एक रुक्ष गोष्ट बघून घ्या, ताई. मी इथे शाळेच्या वृंदात स्वयंसेवक आहे, त्यामुळे हे रोजचंच.

‘ओ होली नाइट’ कॉपीराइटमधून मोकळं आहे. ‘कॅरल ऑफ द बेल्स’ची चाल मोकळी, पण विल्हाउस्कीचे १९३६ चे शब्द अमेरिकेत अजून हक्काखाली आहेत, प्रकाशनापासून ९५ वर्षं. म्हणजे पाकोळीवाले मूळ युक्रेनियन शब्द घेतलेत तर तो प्रश्नच मिटतो. विल्यम्स-ब्रिकस यांची दोन्ही गाणी अर्थातच हक्काखाली. त्यांच्या वृंदासाठीच्या छापील प्रती हॅल लेनर्ड या प्रकाशकाकडे मिळतात. एक प्रत आणून सगळ्यांसाठी झेरॉक्स, हे चालत नाही, गाणाऱ्याला प्रत्येकी एक घ्यावी लागते. तिकीट नाही, कोणाला मानधन नाही आणि कुणाचा धंद्याचा फायदा नाही असा कार्यक्रम असला तर गाण्याच्या परवानगीत कायदा सवलत देतो, पण ती प्रती काढायला लागू नाही. रेकॉर्डिंग करून आंतरजालावर टाकणार असाल तर ते पुन्हा निराळं. वाचनालयाला आधीच विचारून ठेवा.

---

ओकपार्ककर

सगळ्यांचे मनापासून आभार! काल तालमीत म्हाताऱ्याची चाल आणि घंटांची चाल असा खेळ घेतला. ज्याने ते ओळखलं होतं त्याची कॉलर इतकी ताठ की विचारू नका. आता तर फावडं ओढत चालायचा अभिनयही सुरू झालाय.

ठरवलंय असं: सुरुवात ‘श्चेद्रिक’ने, युक्रेनियन शब्दांतच. आमच्या गटातल्या एका मुलीची मैत्रीण कीव्हची आहे, तिची आई उच्चार शिकवायला तयार आहे. मग ‘स्टार ऑफ बेथलेहेम’, शेवटी ‘समव्हेअर इन माय मेमरी’. ‘ओ होली नाइट’ नाही. ब्रेंडा लीच्या गाण्यावर कार्यक्रमानंतर खाऊ खाताना नाचा म्हटलंय, त्यावर तह झाला.

एक अडचण उरली. त्या चार स्वरांत मुलांचा दम जातो. कुठे थांबायचं तेच सापडत नाही, आणि सगळे एकदम श्वास घेतात तेव्हा गाण्याला भोक पडतं. शिवाय पांढरी पाचच ठेवू की खाली आणू?

---

मंद्रसप्तक

पांढरी पाचच ठेवा. मूळही तिथेच आहे, आणि ते चार स्वर सा ते कोमल ग एवढ्यातच फिरतात, मुलांच्या गळ्याला ती जागा सोयीची. खाली आणलंत तर आवाज जाड होईल आणि पुन्हा फावडेवाले आजोबा येतील. वरच्या ओळी फक्त ज्यांना सहज जमतात त्यांना द्या, बाकीच्यांनी चक्र चालू ठेवायचं. गाण्याचा सगळा डोलारा त्या चक्रावर उभा आहे, त्यामुळे ते काम दुय्यम नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. नाहीतर सगळेच वर जायला बघतात.

श्वासाचं म्हणाल तर या गाण्यात थांबायला जागा ठेवलेलीच नाही. वृंदवाले चोरून श्वास घेतात. मुलांना जोड्यांनी उभं करा. जोडीतल्या एकाने श्वास घेतला की त्या चक्रात दुसऱ्याने घ्यायचा नाही. आणि चक्राच्या शेवटच्या सा नंतर घ्यायचा नाही, कारण मोह तिथेच होतो आणि सगळे तिथेच घेतात. मधल्या दोन अर्ध्या मात्रांपैकी एक खाऊन टाकायची, तोंड उघडंच ठेवून. शेजारच्याचा आवाज चालू असतो, श्रोत्याला पत्ता लागत नाही. पहिले काही दिवस पोरं हसतील, जोडीदाराकडे बघत बसतील. बघू द्या. आठवडाभर शब्दांशिवाय, नुसत्या ‘दा’वर घ्या, युक्रेनियन नंतर चढवा.