जुन्या घराचा राडारोडा नव्या काँक्रीटमध्ये चालेल का? (पुणे, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सहकारनगरमधलं आमचं बैठं घर पाडलंय. बाबांनी १९७४ साली बांधलेलं. स्लॅब-बीमचा डबर एकीकडे, विटांचा ढीग दुसरीकडे, सगळं अंगणात पडून आहे. ठेकेदार म्हणतो, डंपर लावून रात्रीत उचलतो. कुठे टाकणार ते मात्र सांगत नाही. मुठेच्या पात्रात पडलेले असले ढीग मी बघत आलेय. आमचं घर तिथे जाऊ द्यायचं नाही.

मुकादम म्हणतो, फोडून खडी करू आणि सगळीकडे वापरू. इंजिनियर म्हणतात, एक तुकडाही नको. नक्की कुठे आणि किती चालते? शिवाय सिमेंट वाचवायला वरून फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राख) मिसळू, असंही ठेकेदाराचं चाललंय. सिमेंट पीपीसी आहे. पुढच्या आठवड्यात फुटिंगखालची पीसीसी (पायाखालचा, सळई नसलेल्या काँक्रीटचा थर) आहे, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी फ्लाय अ‍ॅशचं. पीपीसीत ती कारखान्यातच १५ ते ३५ टक्के घातलेली असते. साइटवर अंदाजाने आणखी मिसळू देऊ नका.

खडीबद्दल आयएस ३८३ (२०१६) हे भारतीय मानक स्पष्ट आहे. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) २० टक्क्यांपर्यंत, तीही एम-२५ पर्यंतच (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत). एम-१५ च्या खालच्या पीसीसीत पूर्ण १०० टक्के. वीट-प्लास्टर मिसळलेली असेल तर फक्त या पीसीसीतच.

खरी अडचण पाण्याची. जुन्या खडीला चिकटलेला मसाला पाणी पितो, माल घट्ट होतो, मग मिक्सरवरचा माणूस बादलीभर पाणी ओततो आणि ताकद तिथेच जाते. म्हणून खडी आदल्या दिवशी भिजवून, वरचं पाणी निथळूनच वापरायची. घणाने फोडलेल्या खडीचा आकारही एकसारखा नसतो, चाळून घ्या. पीओपीचे तुकडे वेचून काढाच, त्यातलं जिप्सम काँक्रीटला घातक.

माझं मत: पीसीसीत बिनधास्त वापरा, कॉलम-स्लॅबला नवीच खडी घ्या. एका घरासाठी मिक्स डिझाइन (मालाचं प्रमाण ठरवणं) आणि क्यूब टेस्ट (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासणं) नीट होत नाहीत, इंजिनियरांची भीती रास्त आहे. उरलेला डबर पुणे महापालिकेच्या वाघोलीतल्या राडारोडा प्रक्रिया प्रकल्पात पाठवा आणि पोहोचल्याची पावती ठेकेदाराकडून घ्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. पीसीसी १:४:८ ची (सिमेंट:वाळू:खडी) आहे, म्हणजे एम-१५ च्या खालचीच, बसतंय. विटा पक्क्या भाजलेल्या आहेत. प्लास्टर खरवडून त्यांचे तुकडे गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याला (गळती थांबवायला घालतात त्या थराला) चालतील का?

प्रतिसाद:
चालतील. खणखणीत वाजतात त्याच घ्या आणि कोब्याआधी पाण्यात भिजवा.