ईस्टरचे तीन दिवस लेकरांसह छत्रपती संभाजीनगरात: काय करावे?

परभणीची माय

सर्वांना सप्रेम सलाम. यंदा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) ३ एप्रिलला आणि ईस्टर, म्हणजे प्रभू येशू कबरेतून उठल्याचा सण, ५ एप्रिलला आहे. शनिवारी कार्यालयाला सुटी असल्यामुळे आम्हाला सलग तीन दिवस मिळत आहेत. दरवर्षी आम्ही जालना जिल्ह्यातील माझ्या माहेरच्या गावी आजीकडे जात असू. ईस्टरच्या पहाटे चारच्या सुमारास आजी कंदील घेऊन अंथरुणापाशी यायची आणि "उठा लेकरांनो, दगड लोटला गेलाय," असे म्हणून एकेकाचे पांघरूण ओढायची. मी तशी उठले आणि माझी मुलेही तशीच उठली. गेल्या पावसाळ्यात आजी प्रभूकडे गेली. तेव्हापासून घराला कुलूप आहे, आणि "या ईस्टरला कुठे जायचे?" असे मुले विचारतात तेव्हा मला उत्तर सुचत नाही.

म्हणून या वर्षी संभाजीनगरला जावे असा विचार आहे. मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. सोबत सासूबाई असतील. त्या अडुसष्ट वर्षांच्या असून गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. मुलांनी मोबाईलवर रंगीत अंडी शोधण्याचा खेळ पाहिला आहे आणि त्यांना तोच हवा आहे. खेळाला माझा विरोध नाही. मात्र सणाचा अर्थ बाजूला पडून नुसती सहल व्हावी, असेही मला वाटत नाही. ऊन, सासूबाईंचे गुडघे आणि मुलांचा उत्साह, हे तिन्ही सांभाळून तीन दिवस कसे घालवावेत, हे तेथील रहिवाशांनी आणि अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

छावणीकर

ताई, आपल्या आजींचे वाचून मन भरून आले. माझे सगळे आयुष्य संभाजीनगरच्या छावणी भागात गेले आहे, त्यामुळे जे प्रत्यक्ष करून पाहिले आहे तेवढेच सांगतो.

पहिली विनंती अशी की शुक्रवारी फिरायला निघू नका. प्रभूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांची दुपारची उपासना परभणीत आपल्याच मंडळीत करा, मुलांना शेवटपर्यंत बसवा आणि मगच संध्याकाळच्या गाडीने निघा. शुक्रवारची शांतता ज्या मुलाने अनुभवली नाही, त्याला रविवारचा आनंद नेमका कशाचा आहे ते कळत नाही, असे मला मनापासून वाटते. शिवाय गुरुवारी २ एप्रिलला हनुमान जयंती आहे. त्या निमित्ताने आमच्या शहरातून हजारो भाविक रात्रभर पायी चालत खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जातात, त्यामुळे त्या रस्त्यावर मोठी गर्दी असते. शुक्रवारी रात्री पोहोचलात तर ती ओसरलेली असेल.

शनिवारी सकाळी सातच्या आत बाहेर पडा. बिबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या नावापुढे ती झाकली जातात, पण लहान मुलांसाठी मला तीच अधिक योग्य वाटतात, कारण तेथे गर्दी नसते आणि दीड-दोन तासांत निवांतपणे पाहून होतात. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले उपासक जवळजवळ माणसाएवढ्या आकाराचे कोरलेले आहेत. त्यांचे हार, केशरचना आणि जोडलेले हात जवळून पाहता येतात. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचे शिल्प असून त्याच्या दोन्ही बाजूंना आग, साप, हत्ती, बुडणारी नौका अशा आठ भयांत सापडलेली आणि त्याचा धावा करणारी माणसे दाखवली आहेत. ही आठ भये मुलांना स्वतः शोधू द्या. अंडी शोधण्याइतकाच आनंद त्यांना यातही मिळेल.

ही लेणी ईस्टरच्या सहलीत घेण्याचे आणखी एक कारण आहे. प्रभूला "खडकात खोदलेल्या" कबरेत ठेवले, असे आपण शुभवर्तमानात वाचतो. परंतु आजच्या मुलाला कबर म्हटले की मातीचा उंचवटा किंवा सिमेंटचा चौथरा आठवतो. माझ्या मुलीला मी एकदा लेण्याच्या दारात उभे केले, खडकाला हात लावायला सांगितला आणि आतला गारवा व अंधार अनुभवू दिला. त्यानंतर मोठा दगड लोटून दार बंद करणे म्हणजे काय, हे मला वेगळे सांगावे लागले नाही. मात्र ही बौद्ध विहारांची आणि चैत्याची (प्रार्थनागृहाची) जागा आहे. ती त्या उपासकांची म्हणून आदराने पाहावी, तेथे खेळ मांडू नये किंवा मोठ्याने गाणी म्हणू नयेत, हेही त्याच वेळी मुलांना सांगावे.

लेण्यांच्या पायऱ्या सासूबाईंना झेपणार नाहीत. तेवढा वेळ कोणीतरी त्यांच्यासोबत पाणचक्कीत थांबावे. तेथील वडाच्या सावलीत, हौदाच्या कडेला दोन तास सहज जातात. डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणून, त्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्यावर येथे यात्रेकरू आणि फकिरांसाठी पीठ दळले जात असे. मुले परत आली की त्यांना हे जाते दाखवा आणि "गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो" हे वचन तेथेच वाचा. आपल्याकडे रब्बीचा गहू नुकताच घरात आलेला असतो, त्यामुळे या वचनासाठी दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

अकराच्या आत मुक्कामी परता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि दुपारी बारा ते साडेचार या वेळात लहान मुले व वृद्धांनी बाहेर असू नये, याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही; तरी मुलीच्या वयाचा दाखला जवळ असू द्यावा.

कॅथेड्रलची जुनी विद्यार्थिनी

छावणीकर काकांच्या म्हणण्यात एक भर घालते. सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या कॅथोलिक धर्मप्रांताचे कॅथेड्रल, म्हणजे मुख्य मंदिर आहे. शनिवारी रात्रीचा जागरण विधी मुलांनी एकदा तरी पाहावा. सगळे दिवे मालवलेले असतात, बाहेर नवा अग्नी पेटवला जातो, त्यावरून पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावली जाते, आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाऊन सगळे मंदिर उजळते. आपण दुसऱ्या पंथाच्या असलात तरी येऊन बसण्यास हरकत नाही. विधी लांबतो, म्हणून सहा वर्षांच्या मुलाला दुपारी झोपवून आणावे. वेळ दोन दिवस आधी फोन करून विचारावी.

विधीला जाता-येता मुलांना चंद्रही दाखवा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून ही तारीख दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान सरकत राहते. यंदाची ती पौर्णिमा म्हणजे आपली चैत्री पौर्णिमाच आहे. शेजारच्या घरी हनुमान जयंती आणि आपल्या घरी ईस्टर एकाच चंद्रावरून ठरते, हे ऐकून माझ्या वर्गातील मुले फार आश्चर्यचकित झाली होती.

लातूरची सुगरण

अंड्यांविषयी सविस्तर लिहिते, कारण यात मी एकदा मोठी चूक केली आहे. तीन वर्षांपूर्वी मुलांसाठी हौसेने चॉकलेटची अंडी मागवली आणि गाडीत ठेवून प्रवासाला निघाले. चॉकलेट साधारण ३४ अंशांना वितळते. पोहोचलो तेव्हा डब्यात नुसता चिखल होता आणि धाकटी रडून रडून झोपी गेली. उकडलेली अंडी झुडपांत लपवणेही आपल्या उन्हाळ्यात धोक्याचे आहे. अशा तापमानात ती तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिली तर खाऊ नयेत.

आता आम्ही पोकळ अंडी रंगवतो. घरीच, निघण्याच्या दोन दिवस आधी, पांढरी अंडी धुऊन घ्यावीत. दोन मुठी कांद्याची साले अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास उकळावीत, पाणी पूर्ण थंड करून गाळावे आणि त्यात मोठा चमचाभर व्हिनेगर घालावे. कोथिंबिरीचे एक पान ओले करून अंड्यावर चापून बसवावे, वरून जुन्या मलमलीचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधावा आणि अंडे रात्रभर त्या पाण्यात बुडवून ठेवावे. व्हिनेगरमुळे कवचावर बारीक बुडबुडे येतात. कवचातील चुना किंचित विरघळून पृष्ठभाग खरबरीत होतो आणि रंग धरतो. सकाळी कापड सोडले की तांबूस कवचावर कोथिंबिरीच्या पानाची पांढरी नक्षी, शिरांसकट, उमटलेली असते. हळदीने पिवळा आणि बीटाने गुलाबी रंग येतो. होळीच्या वेळी पळसाची फुले वाळवून ठेवली असतील तर तीही वापरून पाहावीत, केशरी छटा येते.

रंग वाळल्यावर दाभणाने दोन्ही टोकांना भोक पाडावे, आत बारीक तार फिरवून बलक मोडावा आणि औषधाच्या दुकानातील सुई नसलेल्या सिरिंजने हवा भरून आतला भाग वाटीत काढावा. तोंडाने फुंकू नये. वाटीतले त्याच दिवशी ऑम्लेट करून संपवावे. कवच साबणाच्या पाण्याने आतून विसळून वाळवले की ते कितीही उन्हात खराब होत नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये कापूस घालून नेल्यास प्रवासात फुटतही नाही.

पूर्वी युरोपात चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत आणि साठलेली अंडी ईस्टरला खाल्ली जात, हा या प्रथेचा एक भाग आहे. पण माझ्या मुलांना मी सांगते ते एवढेच: कबर जशी रिकामी होती तसे हे अंडे रिकामे आहे, म्हणून आपण ते रंगवून जपून ठेवतो. ईस्टरच्या सकाळी उपासनेनंतर मुक्कामाच्या आवारात बारा अंडी लपवावीत, प्रत्येकाच्या भोकात वचनाचा एक शब्द लिहिलेली चिठ्ठीची सुरळी घालावी आणि शेवटी सगळ्या चिठ्ठ्या जुळवून ते वचन पूर्ण करावे. मुलीला चिठ्ठ्या जुळवता येतील आणि धाकट्याला शोधता येईल.

वसमतकर

इतक्या लांब जात आहात तर वेरूळ टाळू नये असे मला वाटते. कैलास लेणे कळसापासून पायथ्याकडे, वरून खाली कोरत आणले आहे. ते पाहिल्यावर लहान मूलसुद्धा स्तब्ध होते.

छावणीकर

वसमतकर, वेरूळच्या थोरवीविषयी दुमत नाही. परंतु ईस्टर रविवारी आहे, उपासना आणि न्याहारी होईपर्यंत नऊ वाजतात, आणि सुटीच्या दिवशी त्या उन्हात, त्या गर्दीत अडुसष्ट वर्षांच्या आजींना नेणे मला पटत नाही. मुक्काम एक दिवस वाढवता आला तर सोमवारी सकाळी अवश्य जावे. वेरूळ मंगळवारी बंद असते, सोमवारी नाही.

जालन्याचा शेजारी

ताई, मी थोडे वेगळे सांगणार आहे, राग मानू नये. आपली गाडी येताना-जाताना जालन्यावरूनच जाते. रविवारी दुपारी सरळ परभणी गाठण्याऐवजी ऊन उतरल्यावर जालन्याला उतरा आणि आजींच्या कबरेवर जाऊन या. आमच्या घरी पुनरुत्थान दिनाच्या पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या लावून, टाळ-ढोलकीवर भजने म्हणण्याची रीत आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून या मातीत आपल्या किती पिढ्या विसावल्या आहेत. आजी गेल्या म्हणून ईस्टरला दुसरीकडे जावे हे मी समजू शकतो. पण मुलांना सणाचा अर्थ सांगण्यासाठी आजींच्या कबरेइतकी योग्य जागा शहरात सापडणार नाही.

एक छोटी कृती सुचवतो. झावळ्यांच्या रविवारी, २९ मार्चला, मुलांच्या हाताने एका पसरट परातीत शेतातील काळी माती घालून रात्रभर भिजवलेले गहू पेरा. घटस्थापनेला शेजारीपाजारी पेरतात तसेच. एका कडेला दोन-तीन दगड रचून छोटी गुहा करा आणि तिच्या तोंडाशी एक गोल गोटा ठेवा. सावलीत ठेवून रोज हाताने पाणी शिंपडले तर ईस्टरपर्यंत बोट-दोन बोटे हिरवे कोंब वर येतात. रविवारी पहाटे मुले उठण्याआधी तो गोटा बाजूला सरकवून ठेवायचा.

परभणीची माय

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. शुक्रवारची उपासना येथेच करून रात्री पोहोचायचे, शनिवारी सकाळी लेणी आणि पाणचक्की, रात्री जागरण विधी आणि रविवारी सूर्योदयाची उपासना, असे ठरवले आहे. वेरूळ पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवत आहे.

जालन्याचे दादा, राग कसला मानायचा? आपले लिहिणे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग उठून कोठीतून पितळेची जुनी परात काढून घासायला घेतली. मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारले की ती परात परत न आणता पणजीच्या कबरेवर ठेवली तर चालेल का. मी हो म्हटले. परात नव्हे, पण माती आणि कोंब तेथेच लावून येऊ. गावातल्या भावाला आजच फोन करून घराची किल्ली मागवली आहे. रविवारची रात्र तेथेच काढू आणि सोमवारी पहिल्या गाडीने परभणीला येऊ.

लातूरच्या ताईंना एकच विचारायचे आहे: येथे बाजारात गावरान, तांबूस कवचाचीच अंडी सहज मिळतात, त्यांच्यावर हळदीचा रंग दिसेल का, की कांद्याच्या सालांचाच धरावा?

लातूरची सुगरण

तांबूस कवचावर हळद दिसत नाही. कांद्याची सालेच वापरा आणि पाणी थोडे दाट उकळा. गडद तपकिरी रंगावर कोथिंबिरीचे पान उलट अधिक उठून दिसते. चार अंडी जास्तीची रंगवा, भोके पाडताना एखाद-दुसरे फुटतेच.